आधी इंजिन, मग विमान

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात दोन गोष्टी घडल्या. पहिली सगळ्या पेपरांत फोटोसकट आली. नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या समोर उडालं. दुसरी गोष्ट त्याच बातमीच्या शेपटाला एका ओळीत उरकली होती. एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाच्या दुसऱ्या उत्पादन साखळीचं उद्घाटनही त्याच दिवशी झालं. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीतल्या आमच्या टूलरूममध्ये जेवणाच्या सुट्टीत मोबाइल हातोहात फिरला आणि पोरांनी तेजसचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. ‘काका, बघा तर, काय उठलंय!’ मी बघितलं. छान उठलं होतं. पण माझं लक्ष त्या शेपटाच्या ओळीवर होतं.

याला कारण आहे. मी हवाई दलात प्रोपल्शन फिटर होतो. साध्या भाषेत, इंजिनवाला. बदनापूरकडचा पोरगा तांबरमला जाऊन इंजिन शिकला, राजस्थानात मिग-२१ खाली लोळला, मग हकीमपेठला किरण विमानांवर आला आणि शेवटची पोस्टिंग बीदर. पेन्शन घेऊन परत आलो तेव्हा हातात पाना सोडून दुसरी विद्या नव्हती, म्हणून चिकलठाण्यात दुचाकींच्या सुट्या भागांसाठी जिग आणि फिक्श्चर बनवणाऱ्या एका छोट्या शॉपमध्ये लागलो. इथे मला सगळे फौजीकाका म्हणतात. विमानतळ हाकेच्या अंतरावर. मुंबई-दिल्लीचं विमान डोक्यावरून गेलं की पोरं वर बघतात, मी ऐकतो. सवय जात नाही.

लढाऊ विमानावर सगळे बोलतात. राफेलवर तर चहाच्या टपरीवर निवडणुका लढल्या गेल्या. पण ज्या विमानावर आपला लढाऊ वैमानिक घडतो, ते कोणतं, कुणी निवडलं, किती जुनं, हे विचारा. शंभरात एकाला सांगता येणार नाही. आणि आता त्या निवडीची वेळ पुन्हा जवळ आली आहे. हवाई दलाची सगळी प्रगत प्रशिक्षण-व्यवस्था ज्या हॉकवर उभी आहे, त्याचं मूळ डिझाइन पहिल्यांदा उडालं ते १९७४ साली. आपल्याकडे आलेली विमानं अर्थातच नंतरची, नव्या कॉकपिटची. पण त्यांचंही अर्धं आयुष्य सरत आलं. पुढचं जेट ट्रेनर कोणतं, याचं उत्तर आज शोधायला घेतलं तरी ते धावपट्टीवर यायला दहा-पंधरा वर्षं लागणार. मागच्या वेळी किती लागली, ते आधी सांगतो.

मिग-२१ हे विमान शिकाऊ पोरासाठी कधीच नव्हतं. ते धावपट्टीवर उतरतानाच ताशी तीनशे किलोमीटरच्या वर असायचं. पुढचं नाक वर, दिसायला कमी, चूक सुधारायला वेळ नाही. आणि त्याच्यावर येणारा मुलगा किरणवरून येई. किरण म्हणजे सरळ पंखांचं, शांत स्वभावाचं, चुका पोटात घालणारं जेट. १९६४ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, आपल्याच एचएएलचं. किरण आणि मिग यांच्यामध्ये एक पायरी हवी, जिथे वेग असेल पण जीव घेणारा स्वभाव नसेल, हे हवाई दलाला ठाऊक नव्हतं असं नाही. अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फाँतेन समितीने १९८२ मध्येच प्रगत जेट ट्रेनरची शिफारस केली होती. मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीची मंजुरी मिळाली सप्टेंबर २००३ मध्ये. बीएई सिस्टीम्सबरोबर ६६ हॉकचा करार झाला मार्च २००४ मध्ये. बीदरला ती रीतसर दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये. शिफारस झाली त्या वर्षी जन्मलेलं बाळ तोवर सव्वीस वर्षांचं झालं होतं. म्हणजे नेमकं ज्या वयात फ्लाइट लेफ्टनंट होतात, तेवढं.

मधल्या काळात काय झालं, त्याचा आकडा सरकारी आहे. संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी मे २०१२ मध्ये राज्यसभेत सांगितलं, की घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली. त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक दगावले. हे सगळं ट्रेनर नसल्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. इंजिनं बंद पडली, पक्षी घुसले, सुटे भाग मिळाले नाहीत, विमानंही थकली. पण मधली पायरी गायब होती आणि पोरं थेट वरच्या पायरीवर उडी मारत होती, हेही खोटं नाही.

महाराष्ट्राला हा विषय कळला तो गाडगीळ कुटुंबामुळे. फ्लाइट लेफ्टनंट अभिजीत गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री सुरतगढहून मिग-२१ घेऊन उठला आणि काही क्षणांत विमान कोसळलं. चूक वैमानिकाची, असा ठपका आला. त्याची आई कविता गाडगीळ आणि हवाई दलातच अधिकारी राहिलेले वडील अनिल गाडगीळ यांनी तो ठपका मुकाट्याने मान्य केला नाही. विमानाचं वय, प्रशिक्षण आणि हवाई दलाचा कारभार यांवर त्यांनी जाहीर प्रश्न विचारले. हवाई दलात असताना बाहेरचं कुणी बोललं की आमच्या कपाळावर आठी पडायची, हे खरं. पण त्या बाईंचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. मेलेल्या माणसावर चूक टाकणं सगळ्यांत सोपं असतं, कारण तो फॉर्म ७०० वर सही करून निघून गेलेला असतो. (फॉर्म ७०० म्हणजे विमानाची वही. काय दुरुस्त केलं, कुणी तपासलं, सगळं त्यात. शेवटची सही उडणाऱ्याची.)

आमच्या चिकलठाण्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. २६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ याच धावपट्टीवरून उठलं. उठायला उशीर झाला. धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला ते धडकलं, मग विजेच्या तारांना. ११८ पैकी ५५ माणसं गेली. चौकशीत वैमानिकांनी नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं असं निघालं. आणि त्याच चौकशीत हेही निघालं, की उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक कुणी अडवली नव्हती. त्या काळात मी नोकरीवर दूर होतो. सुट्टीला आलो की गावात गप्पा त्याच. पण गप्पांत ट्रक असायचा आणि वैमानिक असायचा. रस्त्यावर फाटक का नव्हतं, हा प्रश्न क्वचितच. अपघाताची कारणं हवेत शोधायची आपल्याला सवय आहे. बरीचशी जमिनीवर सापडतात.

जमिनीवरची मोठी गोष्ट म्हणजे इंजिन. आणि इथे मी माझ्या मुद्द्यावर येतो.

आपण विमान निवडतो, इंजिन निवडत नाही. डोळ्यांना पंख दिसतात, शेपूट दिसतं, रंग दिसतो. एअर शोमध्ये विमान उलटं उडतं, टाळ्या पडतात. फिटरला मात्र दुसरंच दिसतं. या इंजिनाचं ओव्हरहॉल किती तासांनी? कुठे? ते सातासमुद्रापार जाणार असेल तर किती महिने? टर्बाइनची पाती कोण ओततो? तेलाच्या नमुन्यात लोखंड वाढलेलं दिसलं, इंजिन उतरवावं लागलं, तर बदली इंजिन स्टोअरमध्ये आहे का? आमच्या बदनापूरकडे शेतकरी ट्रॅक्टर घेताना शोरूमचा रंग बघत नाही. तालुक्याला मिस्त्री कोण आणि पार्ट कुठे मिळतो, ते आधी विचारतो. दिल्लीत हा प्रश्न बहुतेक वेळा शेवटी विचारला जातो.

पुरावा हवा असेल तर आपल्याच इतिहासात पाहा. एचएफ-२४ मारुत. जर्मन डिझायनर कुर्ट टँक यांनी बेंगळुरूत घडवलेलं, १९६१ मध्ये उडालेलं, देखणं लढाऊ विमान. १९७१ च्या युद्धात त्याने काम केलं. पण ज्या ताकदीच्या इंजिनासाठी ते आखलं होतं, ते इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. ऑर्फियस इंजिनवरच भागवावं लागलं, आणि आवाजाच्या दुप्पट वेगाचं स्वप्न आवाजाच्या वेगाशीच अडलं. एवढी मोठी शिकवण मिळाल्यावर आपण काय केलं? १९९९ मध्ये किरणच्या जागी एचजेटी-३६ सितारा करायला घेतलं. ते २००३ मध्ये उडालं, लवकर उडालं, कौतुकही झालं. मग इंजिन बदललं. फ्रेंच लारझॅकच्या जागी रशियन एएल-५५आय यायचं होतं. ते उशिरा आलं, आलं तेव्हा त्याचं ओव्हरहॉलपर्यंतचं आयुष्य फारच थोड्या तासांचं होतं. पुढे विमान गिरकीत गेलं की नीट बाहेर येत नाही, ही वेगळी व्यथा. त्यावर उपाय शोधण्यात वर्षं गेली. फेब्रुवारी २०२५ च्या एअरो इंडियात त्याचं नाव बदलून ‘यशस’ ठेवलं. नाव छान आहे. ज्या किरणांची जागा ते घेणार होतं, ते मात्र या सगळ्या काळात उडतच राहिले, आणि त्यांच्याबरोबर माझ्यासारखे फिटर म्हातारे झाले.

एचटीटी-४० चं तेच. ७० विमानांचा ६,८०० कोटींच्या वरचा करार मार्च २०२३ मध्ये झाला. विमान चांगलं आहे, गिरकीत शहाण्यासारखं वागतं, असं चाचणी वैमानिकांनी सांगितलं. पण त्याचं टर्बोप्रॉप इंजिन अमेरिकेतल्या हनीवेलकडून यायचं. ते वेळेवर आलं नाही म्हणून वेळापत्रक घसरलं. उत्पादन मालिकेतलं पहिलं विमान ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस बेंगळुरूत उडालं. तेजस मार्क-१ए ची गोष्ट वेगळी नाही. जीईच्या एफ-४०४ इंजिनांची मागणी २०२१ ची, पहिलं हातात पडलं मार्च २०२५ मध्ये. तोवर सांगाडे तयार होऊन उभे.

हे फक्त आपलंच आहे असं समजू नका. हॉक ज्यांनी बनवलं त्या ब्रिटनमध्येही नव्या हॉक टी-२ विमानांचं अडूर इंजिन ठरल्यापेक्षा लवकर थकू लागलं. विमानं उभी राहिली, शिकाऊ वैमानिक वर्षानुवर्षं रांगेत, काहींना इटलीतल्या सार्डिनिया बेटावरच्या शाळेत धाडावं लागलं. आपलं हॉकही अडूरच्याच घरातलं. फरक इतकाच, की आपलं इंजिन थोडं जुन्या घडणीचं आणि एचएएलमध्ये जुळवलेलं. हकीमपेठला आमचे एक वॉरंट ऑफिसर म्हणायचे, जुनं इंजिन रागावतं पण दगा देत नाही. ते अगदीच शास्त्रीय नाही, पण नवं म्हणजे चांगलं या समजाला तेवढं उत्तर पुरे.

ट्रेनर नसलं की काय होतं याचं सगळ्यांत विनोदी, म्हणजे रडवणारं, उदाहरण २००९ ते २०११ मधलं. पहिल्या पायरीवरचं एचपीटी-३२ दीपक विमान जुलै २००९ च्या जीवघेण्या अपघातानंतर जमिनीवर बसवलं. त्याचंही दुखणं इंजिनचंच: हवेत इंजिन बंद पडण्याची खोड. मग पहिल्या पायरीचं काम दुसऱ्या पायरीच्या किरणांवर आलं. किरण पुरेनात. म्हणून २०११ मध्ये सूर्यकिरण हा प्रात्यक्षिकांचा संघच बंद केला आणि त्याची विमानं शाळेत पाठवली. ज्या संघाला बघायला देशभर गर्दी व्हायची, तो संघ शिकवणीच्या तुटवड्यामुळे काही वर्षं नाहीसा झाला. पुढे हॉक मिळाल्यावर तो बीदरहून पुन्हा उडू लागला. तोवर घाईघाईने स्वित्झर्लंडची ७५ पिलाटस पीसी-७ घ्यावी लागली, मे २०१२ मध्ये, २,८९६ कोटींना. वाईट विमान नाही. पण कॅगच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालात त्यांतल्या १६ विमानांच्या इंजिनांतून तेल गळण्याच्या ३८ घटना नोंदवल्या आहेत. तेल गळणं म्हणजे काय, ते विचारू नका. जमिनीवर ठिपका दिसला तर आमची जेवणं बंद. त्याच अहवालात वैमानिकांची तूट २०१५ मध्ये ४८६ होती, ती २०२१ च्या अखेरीस ५९६ वर गेली असंही आहे. स्क्वाड्रन ४२ हव्यात आणि मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्यावर २९ उरल्या, याची चर्चा सगळीकडे होते. त्या विमानांत बसायला माणूस कुठून येणार, याची होत नाही.

आता पुढच्या निवडीचं. दुकानात माल भरपूर आहे. अमेरिकेचं टी-७, कोरियाचं टी-५०, इटलीचं एम-३४६, तुर्कस्तानचं हुर्जेट. आपल्याकडे एचएएलने फेब्रुवारी २०२३ मध्ये एचएलएफटी-४२ या स्वनातीत ट्रेनरची प्रतिकृती मांडली होती. तिच्या शेपटावर मारुतीचं चित्र होतं. वाद झाला, ते काढलं. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. मारुतीराया काही लाकडी मॉडेलवर बसून उडणार नव्हता. म्हणणं इतकंच, की तेव्हा चर्चा चित्राची झाली, आत कोणतं इंजिन बसणार याची झाली नाही.

टी-७ ची गोष्ट शिकण्यासारखी आहे. अमेरिकेने बोइंगला २०१८ मध्ये ९.२ अब्ज डॉलरचं काम दिलं, ३५१ विमानांचं. संगणकावर आखलं, भाग लवकर जुळले, सगळे म्हणाले आता विमान बनवणं सोपं झालं. मग आसनावर अडलं. वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारं जे आसन असतं, ते हलक्या वजनाच्या माणसाला सुरक्षित बाहेर काढेल का, यावर वर्षं गेली. बोइंगला तोट्यापोटी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम लिहून टाकावी लागली. तोवर १९६१ पासूनचं टी-३८ उडतंच आहे. जगातली सगळ्यांत श्रीमंत हवाई सेना, आणि तिचं पोरगं आजोबांच्या वयाच्या विमानात शिकतंय.

आपल्यालाही तो आसनाचा मुद्दा लागू आहे आणि तो सूक्ष्म नाही. २०१६ पासून आपल्याकडे मुली लढाऊ वैमानिक आहेत. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. एनडीएच्या तयारीसाठी आमच्या शहरात राज्य सरकारची एसपीआय संस्था १९७७ पासून आहे आणि मुलींसाठी नाशिकला २०२३ मध्ये तशीच संस्था सुरू झाली. मराठवाड्यातली एखादी पंचेचाळीस-पन्नास किलोंची पोरगी उद्या कॉकपिटमध्ये बसेल. ब्रोशरमधल्या सहा फुटी साहेबाच्या मापाचं आसन तिच्या मानेला काय करेल, हे निविदेच्या पहिल्या पानावर विचारायला हवं. आसनाच्या पिना मी किती काढल्या-घातल्या असतील, देव जाणे. वर बसणारं माणूस कोण, हे त्या पिना घालणाऱ्यालाच जास्त जाणवतं.

स्वनातीत वेगाचा हट्ट मला कळत नाही. शिकणाऱ्याला आवाजाच्या पुढे पळवायची गरज किती? हॉक ताशी हजार किलोमीटरच्या आसपास जातं, आणि तेवढ्यात त्याने शेकडो वैमानिक घडवले. आजकाल रडार, क्षेपणास्त्र, शत्रूचं विमान, सगळं पडद्यावर दाखवता येतं. हवेत उडत असलेल्या ट्रेनरमध्येही. स्वित्झर्लंडने तर मधलं जेट काढूनच टाकलं. पीसी-२१ या पंख्याच्या विमानावर शिकवून पोरांना थेट एफ-१८ वर नेतात. फ्रान्सनेही अल्फाजेटचं बरंचसं काम त्याच विमानाकडे दिलं. आपण एवढं टोक गाठू नये, असं मला वाटतं. त्यांचे वैमानिक मोजके, त्यांच्याकडे एकेका मुलाला द्यायला वेळ भरपूर. आपल्याकडे दरवर्षी दोनशेहून जास्त वैमानिक घडवायचे असतात, मे महिन्याच्या बीदरच्या उन्हात, पावसाळ्याच्या ढगांत. जेटची पायरी राहू द्या. पण ती स्वस्त असू द्या, आवाजाच्या अलीकडची असू द्या, आणि रोज सकाळी उडायला तयार असू द्या. दहा विमानांतली आठ लाइनवर उभी असतील तर ते चांगलं ट्रेनर. तीन उभी असतील तर ते कितीही वेगाने जावो, शाळा बुडालीच.

आवाजाच्या पुढचं शिकवायला दोन आसनांचं तेजस आहेच. २०२१ च्या करारात अशी १० आहेत, सप्टेंबर २०२५ च्या ९७ विमानांच्या करारात २९. शेवटची रंगरंगोटी त्याच्यावर करा. मात्र ट्रेनरलाही तेच एफ-४०४ घालावं असं कुणी सुचवलं तर माझा विरोध. कारण वरवर शहाणपणाचं वाटतं: टी-७ मध्ये तेच, टी-५० मध्ये तेच, आपल्या तेजसमध्ये तेच, एकच स्टोअर, एकच हत्यारांचा संच, फिटरला एकच शिक्षण. माझ्यासारख्याला हे ऐकून तोंडाला पाणी सुटायला हवं. पण इंजिनची बोट अमेरिकेच्या धक्क्याला अडली, की लढाऊ विमानही थांबणार आणि शाळाही. दोन्ही एका खिळ्यावर टांगायची नाहीत.

मग टांगायचं कुठे? बेंगळुरूत एचएएल एचटीएफई-२५ नावाचं २५ किलोन्यूटनचं टर्बोफॅन इंजिन बनवत आहे. नेमकं अशाच ट्रेनरच्या मापाचं. त्याच्या गाभ्याची पहिली चाचणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली. त्यानंतर त्याचं नाव अधूनमधून प्रदर्शनाच्या स्टॉलवर दिसतं. तेजससाठी आखलेलं, पण त्यात कधीच न बसलेलं कावेरी इंजिन ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने हे जाऊ नये, असं मनापासून वाटतं. लढाऊ विमानाचं इंजिन बनवणं हा डोंगर आहे हे मान्य. जगात चार-पाच देशांनाच तो चढता आला. ट्रेनरचं इंजिन त्याच डोंगराचा पायथा आहे. तिथे तापमान कमी, हिसके कमी, आफ्टरबर्नर नाही. तिथूनच चढायला हवं होतं. आपण शिखरापासून सुरुवात केली. एचटीएफई-२५ ची दोन इंजिनं घातलेलं, एम-३४६ च्या धर्तीचं, आवाजाच्या अलीकडचं ट्रेनर आखा. एक बंद पडलं तर पोरगं दुसऱ्यावर घरी येईल. नवं इंजिन पहिल्यांदा एका इंजिनाच्या विमानात घालून शिकाऊ मुलाला त्यात बसवायचं नसतं. हे माझं मत. बेंगळुरूच्या इंजिनिअरांना माझ्याहून जास्त कळतं. पण नुसतं कळून उपयोग नाही, त्यांना दरवर्षी पैसे किती मिळणार ते दिल्लीने ठरवायचं.

शॉपमधला एक तरुण डिप्लोमावाला हे ऐकून म्हणाला, ‘काका, तुमचं इंजिन येईपर्यंत पोरांनी काय पतंग उडवायचे?’ प्रश्न बरोबर आहे. तोवर हॉक. पहिल्या करारातली ६६ आणि २०१० मधली ५७ (त्यांत १७ नौदलाची), एवढा ताफा आपण घेतला. ब्रिटनला जे झालं ते आपल्याला होण्याआधी अडूरच्या सुट्या भागांचा साठा आणि ओव्हरहॉलची सोय आजच बांधून घ्यायला हवी, कारण ब्रिटन हॉक सोडायच्या तयारीत आहे. जून २०२५ मध्ये त्यांच्या संरक्षण आढाव्याने तसं सुचवलंच आहे. मोठं गिऱ्हाईक उठून गेलं की कारखानदार सुट्या भागांचे भाव काय लावतो, हे एमआयडीसीतल्या कुणालाही विचारा. शिवाय हॉकच्या खरेदीतल्या कथित लाचेबद्दल सीबीआयने मे २०२३ मध्ये गुन्हा नोंदवला आहे. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण परदेशी ट्रेनर पुन्हा घ्यायला निघाल तर निवड, वाटाघाटी, तक्रारी, चौकशी यांत वर्षं जातील, हे त्या अनुभवावरून सांगता येतं. घरचं इंजिन बनवायला लागणारी वर्षं आणि परदेशी विमान विकत घ्यायला लागणारी वर्षं यांत आपल्याकडे फारसा फरक नसतो.

हॉक जिथे उडतात ते बीदर आम्हाला परकं नाही. १९५६ पर्यंत आमचं औरंगाबाद आणि बीदर एकाच हैदराबाद राज्यातले जिल्हे होते. तिथल्या औराद-भालकीच्या बाजारात आजही मराठीत भाव होतो. बीदरला असताना सकाळी पहिल्या उड्डाणाआधी आम्ही सगळे ओळीने चालत टारमॅक वेचायचो. खडा, तार, बोल्टची चकती, काय सापडेल ते खिशात. साहेबापासून नव्या भरतीच्या पोरापर्यंत सगळे वाकलेले. कारण इंजिनच्या तोंडात गेलेला एक खडा लाखांचं पातं खातो. एकदा एका प्रशिक्षणार्थ्याने विचारलं, सर, एवढं रोज का? मी त्याला कंप्रेसरचं कापलेलं पातं दाखवलं. त्यानंतर तो सगळ्यांत पुढे वाकायचा. शिक्षण असं जमिनीवर सुरू होतं.

आता राहिलं चिकलठाणा. दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी पुढारी इथे विमानाचा कारखाना येणार म्हणतो. येऊ नये अशी इच्छा नाही, पण त्याची वाट बघत बसण्यातही अर्थ नाही. ओझर इथून दोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. तिथे एचटीटी-४० बनणार, तेजस बनणार. प्रत्येक विमानामागे जमिनीवर ढीगभर सामान लागतं: इंजिन उतरवायच्या ट्रॉल्या, स्टँड, शिड्या, हवा घेणाऱ्या तोंडांची झाकणं, लॉकपिना, तपासणीचे गेज, जुळणीची फिक्श्चर. यातलं बरंचसं आम्ही दुचाकींच्या कारखान्यांसाठी आजही करतो, मायक्रॉनमध्ये मोजून. अडतं ते मापात नाही, कागदात. विमानक्षेत्राचं एएस-९१०० प्रमाणपत्र, प्रत्येक सळईच्या धातूचा माग, प्रत्येक नगाची वही. पंधरा माणसांच्या शॉपला तो खर्च झेपत नाही आणि पहिली ऑर्डर मिळेपर्यंत बँक दारात उभी करत नाही. राज्य सरकारला संरक्षण उद्योगासाठी काही करायचंच असेल तर त्या प्रमाणपत्राचा आणि तपासणीच्या प्रयोगशाळेचा खर्च उचलावा, इथे चिकलठाण्यात किंवा शेंद्र्यात. ओझरने छोट्या नगांची यादी उघड करावी. पहिल्या वर्षी आम्हाला शिड्या आणि झाकणं द्या. झाकणाची वही नीट लिहिणारं शॉप पाचव्या वर्षी इंजिनचा एखादा कंस बनवायला तयार असेल.

तो डिप्लोमावाला परवा प्रमाणपत्राच्या फीचं पत्रक घेऊन आला होता. मालकांनी आकडा बघितला आणि म्हणाले, ‘फौजी, आधी ऑर्डर दाखवा.’ मी म्हटलं, ‘साहेब, ओझरचे लोक म्हणतात आधी प्रमाणपत्र दाखवा.’ ते पत्रक सध्या आमच्या टूलरूमच्या फलकावर, फिक्श्चरच्या ड्रॉइंगशेजारी लावलं आहे.